हायब्रीडचा हिशेब

आमच्या घरात हायब्रीड ज्वारीच्या दोन गोष्टी होत्या. एक आबांची, दुसरी मोठ्या मायची. शेत तेच, खळं तेच, सालंही तीच. तरी ऐकणाऱ्याला वाटावं की दोन वेगळ्या गावांतल्या हकिकती चालल्यात. तिसरी गोष्ट मला फार उशिरा ऐकायला मिळाली. ती सांगणाऱ्या मावशींनी आमच्याच शेतात उभा जन्म काढला होता, पण ज्वारीबद्दल त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

तिघांच्याही गोष्टीची सुरुवात मात्र मिलोनं होई. 1965 आणि 1966 अशी दोन सालं लागोपाठ पावसानं दगा दिला, देशभर धान्याचा तुटवडा पडला आणि अमेरिकेच्या पीएल-480 योजनेखाली जहाजं भरभरून धान्य आपल्या बंदरांत उतरू लागलं. त्यात गहू होता, तशी लाल रंगाची ज्वारीही होती. तिचं नाव मिलो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात रेशनच्या दुकानात ती पोचली तेव्हा तिच्या पाठोपाठ एक बातमीही पोचली, की तिकडं हे डुकरांना घालतात. बातमी काही खोटी नव्हती. अमेरिकेत तेव्हा ज्वारी पिके ती मुख्यतः जनावरांसाठीच. "रांगंत उभं राहायचं, पैसे मोजायचे, अन् आणायचं काय, तर डुकराचं खाणं," मोठी माय म्हणे. मिलोची भाकरी विटकरी रंगाची व्हायची, आणि पोरं ताटाकडं बघून तोंड फिरवायची. आबांना चव आठवत नसे, लाज आठवे. ज्या घराच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं, त्या घरानं सातासमुद्रापलीकडची ज्वारी पिशवीत घालून आणायची, याची लाज.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. आतून कडबा-भुसकट लावायचं, ज्वारी ओतायची, वर माती लिंपून टाकायची. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. हे सगळं आबांनी मला कोरड्या पडलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून सांगितलं, कारण माझ्या वेळेपर्यंत त्यात पाचोळा साठत होता.

पेवात जायची ती गावरान ज्वारी, साडेचार-पाच महिन्यांचं पीक. मृगात तिफणीनं पेरायची. दिवस आखडू लागल्याशिवाय ती पोटरीत यायची नाही. निसवायला दसरा, दाणा भरायला दिवाळी, काढणी त्याच्याही पुढं. ताट दोन पुरुष उंच. आबा सांगत की उभ्या ज्वारीत बैलासकट माणूस शिरला तर बांधावरून दिसायचा नाही. पण उतारा विचाराल तर एकरी तीन पोती, फार झालं तर चार. उंची सगळी धाटात जायची. तरी त्या ज्वारीच्या अंगी एक गुण होता. पाऊस पुरता हटल्याशिवाय ती दाणा धरत नसे. हा गुण कुणी गुण म्हणून मोजला नव्हता, कारण तो गेल्याशिवाय दिसणारा नव्हता.

आता जरा टेक्सासला जावं लागेल, कारण आबांच्या शेतात जे घडलं त्याचं मूळ तिकडं होतं.

ज्वारीच्या कणसात हजारो बारकी फुलं असतात आणि दाणा धरणाऱ्या प्रत्येक फुलात नर-मादी एकत्र नांदतात. मक्याचं तसं नाही. मक्याचा तुरा वरती आणि कणीस खाली, तुरा खुडला की झाड मादी झालं; म्हणून अमेरिकेत संकरित मका 1930 नंतर झपाट्यानं पसरला. ज्वारीत एकेका फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढत बसायचं तर मूठभर बियाण्याला आठवडा लागेल. ही अडचण स्टीफन्स आणि हॉलंड या टेक्सासमधल्या दोन संशोधकांनी सोडवली. मिलो जातीची ज्वारी आई म्हणून घ्यायची, तिच्यावर दक्षिण आफ्रिकेतून गेलेल्या काफिर जातीचा पराग पुन्हा पुन्हा टाकत जायचं. काही पिढ्यांनी असं झाड मिळतं, ज्याच्या पेशीचा गाभा काफिरचा असतो आणि भोवतालचा पेशीरस मिलोचा. या दोघांचं जमत नाही, आणि त्या न जमण्यातून फुलाला पराग धरत नाही. नर आपोआप वांझ. शेजारच्या ओळीत जुळणाऱ्या जातीचा नर लावला की वाऱ्यानं पराग येतो आणि पोत्यानं संकरित बी तयार होतं. हे 1954 मध्ये जाहीर झालं. दहा वर्षांत, 1964 मध्ये, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ज्वारी प्रकल्पातून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्यानं 'सीएसएच-1' ही देशातली पहिली संकरित ज्वारी बाहेर पडली. नी. गं. प्र. राव हे त्या कामातलं ठळक नाव. तिची आई होती टेक्सासहून आलेली, मिलोच्या पेशीरसाची.

म्हणजे रेशनच्या दुकानातली जी मिलो पाहून आमच्या घरानं नाक मुरडलं, तिचंच रक्त दोन-तीन वर्षांत आमच्या शेतात पेरलं गेलं. मी हे आबांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या मोठ्या मायला सांगू नको."

आबांची गोष्ट उताऱ्याची. ग्रामसेवकानं गावात दोघातिघांना बियाण्याची पिशवी दिली, सोबत युरिया. बी विकत घ्यायचं ही कल्पनाच नवी होती. बी हे घरच्या कणगीतलं किंवा उसनं, दीडीनं परत करायचं. वरती मुख्यमंत्री वसंतराव नाईक. ते स्वतः पुसदकडचे, शेतीतले. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते पुण्यात शनिवारवाड्यापुढं बोलून गेले, हे गावच्या पारावर पोचायला वेळ लागला नव्हता. आबा ते वाक्य अशा थाटात सांगत, जणू फाशीचा दोर पकडायला यांनाच उभं केलं होतं.

पहिल्या साली आबांनी बांधालगतचं एक एकर दिलं, तेही लोकांना दिसू नये अशा कोपऱ्यातलं. पीक कमरेएवढं वाढून निसवलं तेव्हा हसायला सगळा गाव आला. एवढीशी ज्वारी आणि एवढं मोठं कणीस, घट्ट, ठासून भरलेलं. ताट मोडतं की काय असं वाटे. शंभर दिवसांत पीक हाती. बारा पोती झाली. आबा आकडा सांगताना दर वेळी थांबत. मग म्हणत, "एका एकरात." पुढल्या साली शेजाऱ्यानं विचारलं नाही, सरळ पेरलं.

अमेरिकेत आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोघांनी संकरित मका घेणाऱ्या शेतकऱ्यांना विचारून पाहिलं होतं, की तुम्ही हे बियाणं कसं स्वीकारलंत. त्यांचा अभ्यास 1943 चा. निष्कर्ष असा, की बियाण्याची खबर शेतकऱ्याला विक्रेत्याकडून कळते, पण मन वळतं ते शेजाऱ्यामुळं. आबांना त्यासाठी आयोवाला जायची गरज नव्हती. ते म्हणत, शेतकरी कानानं काही करत नाही, बांधावरून बघून करतो.

सगळंच सरळ नव्हतं. हायब्रीडला खोडमाशी फार. मृगाचा पाऊस पडल्या पडल्या आठवड्यात पेरलं तर पीक वाचायचं. पंधरा दिवस उशीर झाला की कोवळा पोंगा जळून जायचा. मग फवारे आले, एंड्रिनसारखं जहाल कीडनाशक आलं. शेतात आणलेली ती बाटली घरात कुठल्या फळीवर ठेवायची आणि सुनांच्या हाताला लागू नये म्हणून काय करायचं, हे गावातल्या जाणत्या बायकांना लवकरच शिकावं लागलं. त्याबद्दल आमच्याकडं मोठ्यानं बोलत नाहीत.

आता मोठी माय. तिची गोष्ट काठवटीतली.

मी तिला भाकरी करताना शेकडो वेळा पाहिलंय, म्हणून हे डोळ्यांसमोर आहे. गावरान ज्वारीचं पीठ असलं की ती गार पाण्यात मळे, तळहाताच्या टाचेनं पुढं रगडत रगडत पिठाला मऊ करी, उंडा करून काठवटीत थापायला घेई. हात फिरत जाई तशी भाकरी आपसूक फिरे, कडेला एक भेग नसे. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी आरावर उभी केली की टम्म फुगून पापुद्रा सुटे. हायब्रीडच्या पिठानं हा सगळा सराव मोडला. पीठ वळेना. उकळतं पाणी ओतून उकड घेतल्याशिवाय उंडा धरत नसे, आणि तरी थापताना कडा चिरत. भाकरी सकाळची दुपारी कडक, रात्री तुटणारी. रानात न्यायची शिदोरी म्हणून तिचा उपयोग निम्मा झाला, कारण भाकरी ही खायची वस्तू आहे तशी बांधून न्यायचीही आहे.

त्याहून वाईट म्हणजे दाणा काळा पडे. शंभर दिवसांत येणाऱ्या पिकाचा हाच हिशेब कुणी केला नव्हता. मृगात पेरलेली हायब्रीड उत्तरा-हस्ताच्या पावसात पिकायची. कणीस घट्ट, त्यात पाणी मुरलेलं, ऊन नाही. दाण्यावर बुरशी चढायची. गुलाबी, राखी, मग काळी. ताट उभं असताना कणसातच कोंब फुटल्याचंही मोठ्या मायनं पाहिलं होतं. तसली ज्वारी ती पाण्यातून चोळून काढी, ओट्यावर वाळवी, पुन्हा पाखडी. तरी भाकरीला राखेचा रंग आणि घशाला कडवट चव. "तुझ्या आबानं पोती मोजली," ती म्हणे, "म्या खडे अन् बुरशी निवडली." गावरान ज्वारी जी गोष्ट न सांगता करायची, पाऊस हटायची वाट बघायची, ती वाट बघणं या नव्या जातीतून काढून टाकलं होतं. मुद्दाम काढलं होतं. कमी दिवसांत यावं, पाऊस लवकर गेला तरी हाती लागावं म्हणून. ते खोटंही नव्हतं. एकाच गुणाला एका सालात गुण म्हणायचं आणि दुसऱ्या सालात खोड.

आणि कडबा. हे मोठी माय आणि आबा दोघंही कबूल करत. गावरान ताटाच्या पेंढ्या बैलांना वर्षभर पुरत. गंजी रचली की घराच्या उंचीची होई. हायब्रीडचं धाट बुटकं, जाड, काढणीच्या वेळी अजून हिरवं आणि पावसात भिजलेलं. बैल हुंगून बाजूला होत. ज्वारी दाण्यासाठी पेरतात हे शहरातल्या माणसाचं मत. आमच्याकडं निम्मी ज्वारी जनावरासाठी पेरली जायची. संशोधन केंद्राच्या तक्त्यात मात्र क्विंटलाचा रकाना होता, पेंढ्यांचा नव्हता. नव्हता म्हणजे पुढं आला, पण तोवर आमचे दोन बैल बाजार दाखवून झाले होते.

गावानं यातून आपली वाट काढली. दोन एकर हायब्रीड, अर्धं एकर गावरान किंवा मागाहून रब्बीत मालदांडी. घरच्या भाकरीला मालदांडी, सरकारच्या लेव्हीला हायब्रीड. ज्या घरी सालगडी होते तिथं सालगड्याच्या धान्यातही हायब्रीड. हा शेवटचा भाग आबा सांगत नसत आणि मोठी मायही नाही. तो मला मावशींनी सांगितला.

मावशी आता ऐंशीला टेकल्यात. त्यांच्या अंगणात मी गेलो ते दुसऱ्याच कामाला, त्यांच्या नातीच्या जातीच्या दाखल्याचे कागद बघायला. बोलता बोलता भाकरीवरून विषय निघाला आणि मी मोठ्या मायची तक्रार तोंडपाठ असल्यासारखी म्हणून दाखवली. मावशी हसल्या. म्हणाल्या, "मालकीणबाईचं खरं हाय. काळी पडायची. पर लेकरा, त्येच्या आदी आम्हाला पांढरी कुठं मिळायची?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मजुरी धान्यात मिळायची, शेरानं मोजून. गावरान ज्वारीच्या काळात मालकाच्या घरी तीनच पोती आली तर मजुराच्या पदरात काय पडणार? चैत्र-वैशाखापासून पोळ्यापर्यंतचे महिने म्हणजे कण्या, अंबाडीची भाजी, आणि भाजीत पीठ कमी पाणी जास्त. हायब्रीड आली, ती भादवा सरता सरता पिकली, नेमकी घरात दाणा नसण्याच्या दिवसांत. बाजारात तिला भाव नाही, कारण काळी. म्हणून ती मावशींना परवडली. मालकांना नको, म्हणून ती मजुरीत उदार हातानं पडली. "तुमच्या घरची नावड आमच्या घरचं पोट," असं त्या म्हणाल्या, आणि यात टोमणा होता का, तर होता. कामाचे दिवसही वाढले. खुरपणी दोनदाऐवजी तीनदा, खत टाकायला बाया, आणि बुटकं पीक म्हणून उभ्यानं कणसं खुडायला बाया. उंच ताट आडवं करायचं काम गड्यांचं होतं.

1972 चं त्यांना तारीखवार आठवतं. पाऊस आधीच दोन सालं ओढ देत होता, त्या साली तर मराठवाड्यात हायब्रीड काय आणि गावरान काय, काहीच उगवून आलं नाही. कुठलंही बी कोरड्या जमिनीत चमत्कार करत नाही, हे तेव्हा सगळ्यांना समजलं. मावशी खडी फोडायला गेल्या, मग पाझर तलावावर माती वाहायला. तिथं सुकडी मिळे. पोटात पोर होतं. पुढं वि. स. पागे यांच्या आग्रहानं त्या कामांना रोजगार हमीच्या कायद्याचं रूप आलं, हे मी वाचलेलं. मावशींना पागे माहीत नाहीत, मस्टर माहीत आहे. 1973 चा पाऊस लागला तेव्हा गावात कुणाकडंच जुनं बी उरलेलं नव्हतं. पेवं रिकामी, कणग्या रिकाम्या, बी-भरण खाऊन झालेलं. त्या साली ज्यानं पेरलं त्यानं पिशवीतलं पेरलं. गावरान खरीप ज्वारी आमच्या शिवारातून गेली ती हायब्रीडनं हरवल्यामुळं जितकी, तितकीच भुकेनं बियाणं खाल्ल्यामुळं, असा मावशींचा हिशेब. मला तो कुठल्या पुस्तकात दिसलेला नाही, पण पटतो.

संशोधनाच्या सामाजिक परिणामाचं पैशात मोजमाप करायची रीत पाडली ती झ्वी ग्रिलिकस या अर्थशास्त्रज्ञानं. लिथुआनियात जन्मलेला, नाझींच्या छळछावणीतून वाचलेला हा माणूस पुढं शिकागोत शिकला आणि 1958 मध्ये त्यानं संकरित मक्यावरच्या संशोधनाचा ताळेबंद मांडला. संशोधनावर झालेला सगळा खर्च व्याजासह धरला तरी समाजाला दर साली 700 टक्के परतावा मिळतोय, असं त्याचं गणित आलं. त्याच निबंधात संकरित ज्वारीचाही हिशेब आहे, पुष्कळ कमी परताव्याचा. जगभरच्या कृषी खात्यांनी हा 700 चा आकडा अंदाजपत्रक मागताना वर्षानुवर्षं वापरला. गणित चूक नाही. पीक वाढलं की भाव उतरतो, भाव उतरला की खाणाऱ्याचा फायदा, ती बेरीज त्यानं केली. गंमत अशी की हायब्रीडचा भाव पडला तो दोन कारणांनी, ज्वारी उदंड झाली म्हणून आणि ज्वारी काळी पडली म्हणून. पहिलं कारण त्या गणितात फायदा, दुसरं तोटा. मावशींच्या चुलीवर दोन्ही एकाच भाकरीत भाजली जात होती.

कुणाच्या चुलीवर काय, हे बघायला गावात जाऊन राहावं लागतं. हेही झालं, आपल्याकडंच झालं. हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 मध्ये 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1975 पासून सहा गावं निवडली: दोन तेव्हाच्या आंध्रातली, आणि महाराष्ट्रातली चार, म्हणजे अकोल्याकडची कंझरा आणि किनखेड, सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण. प्रत्येक गावात चाळीस घरं. त्यातली तीस शेतकऱ्यांची आणि दहा भूमिहीन मजुरांची. हा दहाचा आकडा मला त्या सगळ्या प्रकल्पातला सर्वात शहाणा निर्णय वाटतो. गावाकडचीच भाषा बोलणारा, शेती शिकलेला एकेक तरुण त्या गावात मुक्कामाला राहिला, आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन विचारत गेला: काय पेरलं, कोण राबलं, किती तास, बैल कुणाचे, मजुरी काय, घरात काय शिजलं. काही गावांत असं दहा वर्षं. वॉकर आणि रायन यांनी 1990 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. (हे रायन आयोवातले नव्हेत, आडनाव तेवढं एक.)

अकोल्याच्या गावांत संकरित ज्वारीनं बघता बघता जम बसवला. सोलापूरच्या गावांत ती रुजलीच नाही. कारण साधं: तिकडची ज्वारी रब्बीची, पाऊस सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारी. तिथं राज्य मालदांडीचं. आणि मालदांडी हीसुद्धा संशोधनाचीच लेक. शिरापूर ज्या मोहोळ तालुक्यात आहे, त्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात शेतकऱ्यांच्याच ज्वारीतून निवड करून काढलेली. ना परदेशी आई, ना संकर. आज पुण्या-मुंबईत 'गावठी' म्हणून चढ्या भावानं विकत घेतात ती बहुधा हीच, सरकारी केंद्रावर निवडलेली. दाणा पांढरा, भाकरी गोड, कडबा बैलाला आवडणारा. नव्वद वर्षांत तिला मागं सारणारी जात निघाली नाही. यशाची गोष्ट म्हणून मात्र भाषणांत हायब्रीडच येते.

जालन्याची गोष्ट आबा नेहमी ओझरती सांगत, त्यात थोडी असूया होती. तिथं बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी काढली आणि आसपासच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनाचे प्लॉट दिले. मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, भोवती दुसरी ज्वारी नको म्हणून मोकळं अंतर, वेगळं दिसणारं प्रत्येक ताट उपटून टाकायचं. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला. जालन्यात बियाण्याच्या पैशानं वाडे उठले. आमच्या गावात बियाण्याच्या पैशानं दर मृगाला दुकानदाराची वही भरली. हायब्रीडचा दाणा पुढल्या साली पेरून पाहणारे होते. आबांनीही पाहिलं. एक ताट गुडघ्याएवढं, एक डोक्याएवढं.

शास्त्रज्ञ गप्प बसले नव्हते. 1975 ला 'सीएसएच-5', 1981 च्या सुमारास 'सीएसएच-9', दाणा बरा, ताट उंच, कडबा खाण्याजोगा. आबा शेवटपर्यंत 'नऊ नंबर' पेरत. पण काळं पडणं पुरतं गेलं नाही, आणि काळ्या ज्वारीला कोंबड्यांच्या खाद्याचे कारखाने आणि 2007 नंतर धान्यापासून दारू गाळायला सरकारनं दिलेली सवलत, एवढीच गिऱ्हाइकं राहिली. मोठी माय ते ऐकायला नव्हती. तोवर सोयाबीननं खरिपातली ज्वारी उठवली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. मावशींच्या घरी आज दोन्ही वेळा चपाती नाहीतर भात. ज्वारी गव्हापेक्षा महाग. मधुमेहाची भीती घेतलेले लोक ती शोधत फिरतात. "भाकर आता डॉक्टरनं सांगितलेल्या माणसाची," मावशी म्हणाल्या.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर काम करून 2018 मध्ये 'परभणी शक्ती' नावाचा वाण काढला. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे, आणि तो संकरित नाही, म्हणजे बी घरचं ठेवता येतं. माझ्या चुलतभावानं तो खरिपात अर्धा एकर लावला, सभोवार सोयाबीन. दाणा दुधात आला आणि पाखरं उतरली. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं, पाखरं वाटली जायची, आणि माचव्यावर गोफण घेऊन पोरं बसायची. आता पाच कोसांत एकच ज्वारी आणि पोरं शाळेत. भावानं जाळ्या बघितल्या, फटाक्यांच्या लडी लावल्या, जुन्या कॅसेटी उलगडून त्यांची टेप ताणली. चौथाई पदरात पडली.

या मृगाला तो शेजारच्या दोघांच्या मागं लागलाय, की तुम्हीही अर्धा अर्धा एकर टाका, तिघांत मिळून पाखरं खातील तेवढं खातील. एकजण तयार झालाय. दुसरा म्हणतो, आधी याचं पीक बांधावरून बघतो.